माती उकरून आल्यावर कुत्र्याला शिंका आणि घुरघुर : घरी काय करावं?

वाकडी_शेपूट
नमस्कार मंडळी. आमची चिंगी, डॅशहाउंड, वय अडीच वर्षं. आज अंगणातल्या कोरड्या मातीत तिने असा खड्डा पाडला की बाहेर फक्त शेपूट दिसत होती. आत आल्यापासून शिंका चालू आहेत. मधूनच चार पायांवर ताठ उभी राहते, मान पुढे ताणते आणि घर्रघर्र आवाज करत नाकाने हवा आत ओढते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझेच हातपाय गळाले. पण झटका संपला की काही झालंच नाही अशा थाटात वाटी चाटायला हजर! दोन्ही नाकपुड्यांतून पाण्यासारखं येतंय, खोकला नाही. रविवार असल्यामुळे नेहमीचे डॉक्टर उद्याच भेटतील. घरात दोन पक्ष पडलेत, एक वाफेचा आणि एक नाकात तेल सोडण्याचा. तुमचा अनुभव सांगा.

शिळोप्याचा_वाघ
तेलाच्या पक्षाला आधी आवरा, मग बोलू.
काही प्रश्न : हिरड्यांचा रंग कसा आहे? झोपलेली असताना श्वास मोजलात का? तोंडावर, डोळ्यांभोवती कुठे सूज? आणि खड्ड्यात नेमकं काय होतं, नुसती माती की खत, चुना, सिमेंट असलं काही?

वाकडी_शेपूट
हिरड्या गुलाबी आहेत, सूज नाही. कुंडीतलं खत वगैरे तिकडे नाही, साधी माती. श्वास कसा मोजायचा?

दुपारची_झोप
ती मान ताणून हवा ओढायची तऱ्हा म्हणजे बहुतेक रिव्हर्स स्नीझिंग. आमच्या टेरियरला हे धुळीनेही होतं आणि पाहुणे आले की आनंदानेही. साध्या शिंकेत हवा बाहेर फेकली जाते, इथे ती जोरात आत ओढली जाते. नाकाच्या मागच्या भागात, टाळूच्या वर काहीतरी चुरचुरलं की हे होतं. काही सेकंद चालतं, फार तर मिनिटभर. बघणाऱ्याला वाटतं जीव गुदमरतोय, कुत्र्याला तसं काही वाटत नसतं. जवळ बसा, गळ्यावरून हलका हात फिरवा. कुत्र्याने एकदा आवंढा गिळला की बहुतेक वेळा झटका तिथेच थांबतो. काही जण नाकपुड्या क्षणभर झाकतात, त्यानेही आवंढा गिळला जातो. पण ते कुत्रं तुम्हाला करू देत असेल तरच, आणि क्षणभर म्हणजे क्षणभरच.
आरडाओरडा करू नका. आम्ही ओरडलो की आमच्या साहेबांचा झटका लांबतो.

ओसरीवरचा
इतकं काय त्यात? दोन थेंब कोमट तेल नाकात सोडा, माती सुटून येते. आमच्याकडे माणसं-जनावरं सगळ्यांना तेच करत आलोत. हल्ली प्रत्येक शिंकेला डॉक्टर लागतो.

चौपाय
मी पशुवैद्य आहे. कुत्रं न बघता औषधाचं नाव सांगणार नाही, पण घरी काय करावं आणि काय करू नये यावर सविस्तर लिहितो, कारण तेलाचा सल्ला वाचून गप्प बसवेना.

आधी नाकात काय घडतं ते बघू. कुत्रं हुंगतं तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आतबाहेर होते. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून निघते आणि तिच्या झोताने जमिनीवरची धूळ आणखी वर येते. म्हणजे उकरणारं कुत्रं निम्मी धूळ पंजांनी उडवतं आणि उरलेली नाकानेच. पण त्याच नाकात आतल्या बाजूला पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलं अस्तर असतं, आणि जाडसर कण तिथेच चिकटून बसतात. मग नाकाला पाणी सुटतं, शिंका येतात, माल बाहेर. चिंगीचं सध्या चाललंय ते हेच. दोन्ही बाजूंनी पातळ पाणी, अधूनमधून शिंका, भूक शाबूत. ही साफसफाई बंद पाडण्याचं काही कारण नाही. शिंक थांबवायचं औषध शोधू नका.

आता तेल. पाणी घशात चुकीच्या वाटेने गेलं तर ठसका लागतो. तेल असा ठसका नीट लागूच देत नाही. ते सावकाश श्वासनलिकेत उतरतं, तिथल्या बारीक केसांना ते वर ढकलता येत नाही, आणि फुफ्फुसात जाऊन बसलं की तिथे सूज धरते. यालाच लिपिड न्यूमोनिया म्हणतात आणि तो बरा करणं फार किचकट असतं. नाकातली धूळ ही तासाभराची कटकट. तिच्यासाठी छातीत तेल सोडायचं हा व्यवहार मला तरी पटत नाही. शिवाय नाकात काही घालताना कुत्रं धडपडतं, डोकं वर करतं, नेमक्या त्या क्षणी श्वास घेतं. तेल, तूप, कसलाही स्निग्ध पदार्थ नको.

मग करायचं काय? मऊ फडकं कोमट पाण्यात भिजवून नाकाचा शेंडा, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांच्या घड्या पुसा. ओठ उचलून बघा, हिरड्या आणि गालाच्या मध्ये हमखास मातीचा लगदा सापडतो, आणि कुत्रं तो नंतर तासभर गिळत-ठसकत बसतं. डोळे लाल असतील तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा. अंग ओल्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर केसांतली धूळ ते झोपताना पुन्हा हुंगणारच. प्यायला ताजं पाणी ठेवा. गळपट्टा काढा, बाहेर न्यायचंच असेल तर हार्नेस घाला. आज पळापळ नको. ज्या खोलीत धूर, परफ्यूम, अगरबत्ती, फिनेलचा वास नाही तिथे बसू द्या.

सलाइनचे थेंब चालतील, पण साधेच. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड ०.९ टक्के लिहिलेलं हवं. नाकपुडीच्या कडेला एक-दोन थेंब, कुत्रं शांत असेल तर. नाक चोंदल्यावर आपण जे थेंब वापरतो, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले, ते कुत्र्याला विषारी आहेत. घरी मीठ-पाणी करायचा मोह टाळा. प्रमाण लिटरला ९ ग्रॅम, चमच्याच्या अंदाजाने ते जमत नाही आणि खारट पाण्याने नाक जास्तच चुरचुरतं.

शिळोप्याचा_वाघ
डॉक्टर, श्वास मोजण्याबद्दलही सांगा. ताईंनी विचारलंय.

चौपाय
गाढ झोपू द्या. छाती वर गेली आणि खाली आली की एक. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. स्वप्नात पाय झाडत असेल, कूं-कूं करत असेल तेव्हा मोजू नका, आकडा खोटा येतो. निरोगी मोठ्या कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला ३० च्या आत असतो. पुन्हापुन्हा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर मामला नाकाचा नसून छातीचा असू शकतो. खेळून आल्यावर जीभ बाहेर काढून जी धाप टाकतात ती वेगळी, तिच्याने अंग थंड करतात. पण अर्धा तास सावलीत बसूनही धाप कमी होत नसेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. उन्हात तासभर उकरलेल्या कुत्र्याला उष्माघातही होतो.

पाचवा_पाय
आमच्या कुत्र्याच्या हिरड्या काळ्या आहेत. गुलाबी की निळ्या ते कसं कळायचं?

चौपाय
खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा, किंवा जीभ. अवांतर : चाऊ-चाऊ जातीची जीभ मुळातच निळसर काळी असते, तिथे जिभेवर जाऊ नका. निरोगी असताना एकदा फोटो काढून ठेवा, मग तुलना सोपी जाते.

ओसरीवरचा
बरं, तेल राहिलं. वाफेला तरी डॉक्टरांची परवानगी आहे का? त्यात थोडा बाम टाकून देतो आम्ही.

चौपाय
वाफ चालेल, बाम अजिबात नाही. कापूर, मेंथॉल, निलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल हे कुत्र्याच्या शरीराला झेपत नाहीत. नाकाला लावलं तर ते चाटणार, पोटात जाणार. उलट्या, झोकांड्या आणि जास्त प्रमाणात गेलं तर आकडीसुद्धा. शिवाय आधीच चुरचुरणाऱ्या नाकाला आणखी तिखट वास द्यायचा, यात फायदा कोणाचा?

वाफ म्हणजे डोक्यावर टॉवेल टाकून पातेल्यावर धरणं नव्हे, त्यात भाजतं. न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर सोडा, दार लावा, कुत्र्याला घेऊन आत दहाएक मिनिटं बसा. पाणी अंगावर नाही, नुसती दमट हवा. नाकातलं घट्ट, चिकट झालं असेल तर उपयोग होतो. चिंगीचं पातळच आहे, तिला गरज दिसत नाही. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र हे करू नका. त्यांची श्वासाची वाट मुळात अरुंद, त्यात गरम दमट कोंडलेली हवा म्हणजे आगीत तेल.

ओसरीवरचा
पुन्हा तेलच आलं :) बरं, मानलं.

नाकपुडी
मध देतात ना? आणि माणसांची सर्दीची गोळी पाव करून?

चौपाय
मध घशासाठी. धूळ नाकात आहे, मध जाणार पोटात. मोठ्या, निरोगी कुत्र्याला चमच्याच्या टोकावर चाटवला तर नुकसान नाही, पण पिल्लांना आणि मधुमेही कुत्र्यांना नको.

गोळी मात्र पाव नाही, कणभरही नाही. पॅरासिटामॉलने यकृत आणि रक्तातल्या लाल पेशी दोन्ही बिघडतात. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर हृदयाचे ठोके बेफाम वाढतात. बिनसाखरेच्या खोकल्याच्या औषधात झायलिटॉल असू शकतं. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. घरातल्या औषधांच्या डब्यातलं कुत्र्यासाठी काही नाही असं समजा.

वाकडी_शेपूट
सगळ्यांचे आभार, विशेषतः चौपाय डॉक्टर तुमचे. ओठांच्या घडीत खरंच चमचाभर चिखल निघाला! रात्री झोपेत मोजलं, २० आलं. आज सकाळी दोनच शिंका, घुरघुर नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दिवसभर बघा म्हणून सांगितलं. काल एका झटक्याचा व्हिडिओ काढला होता तो त्यांना पाठवला, बघून ते म्हणाले रिव्हर्स स्नीझिंगच.

दुपारची_झोप
व्हिडिओ हे उत्तम केलंत. दवाखान्याच्या टेबलावर ही मंडळी कधीच शिंकत नाहीत. तिथे सगळे आदर्श विद्यार्थी.

काळवीट
धागा धुळीवर आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो. आमचा लॅब्रेडोर माळावर बांधाशेजारी उकरत होता. अचानक बंदुकीसारख्या शिंका, एकामागून एक, डोकं जमिनीवर आपटत होता आणि एकाच पंजाने नाक ओरबाडत होता. एका नाकपुडीतून रक्ताचा थेंब. संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. पुढे काही दिवसांनी त्याच नाकपुडीतून घट्ट पिवळं आणि घाण वासाचं यायला लागलं. भूल देऊन दुर्बिणीने बघितलं तेव्हा गवताचं कुसळ निघालं.

शिळोप्याचा_वाघ
बापरे. पण शिंका थांबल्या होत्या ना मध्ये?

चौपाय
तिथेच तर फसगत होते. कुसळाला एकाच दिशेने वळलेले बारीक काटे असतात. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. नाकाच्या पुढच्या भागात असतं तोवर शिंकांचा भडिमार, आणखी आत गेलं की शिंका कमी होतात आणि आपण म्हणतो बरं झालं. एक्स-रेमध्ये गवताची काडी सहसा दिसत नाही.

म्हणून फरक लक्षात ठेवा. धुळीचा त्रास दोन्ही नाकपुड्यांना होतो, पातळ पाणी येतं आणि तासातासाने उतरत जातो. फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. एकदम सुरू झालेल्या, दणदणीत, थांबता थांबत नाहीत अशा शिंका, एकाच बाजूचा स्राव, रक्त, एकाच बाजूला पंजा मारणं, यांतलं काही असेल तर ते धुळीच्या खात्यात टाकू नका. आणि कृपा करून चिमटा घेऊन नाकात शिरू नका. आतली हाडं कागदासारखी पातळ आहेत, भळाभळा रक्त येतं. टोक बाहेर दिसत असेल आणि कुत्रं शांत असेल तरच हाताने अलगद ओढा.

एकाच बाजूने दीर्घकाळ येत राहिलं तर वरच्या दाताच्या मुळाशी पू, मातीतल्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग, नाकातली गाठ, असली कारणंही तपासावी लागतात. ही बुरशी लांब नाकाच्या जातींत जास्त दिसते, आणि नाकाच्या शेंड्याचा काळा रंग जाऊन तिथे व्रण होऊ शकतात.

पाचवा_पाय
आणि खोकला असेल तर?

चौपाय
मग त्रास नाकाच्या पुढे गेला असं धरायचं. एखाद-दुसरा ठसका चालेल. दिवसभर कोरडा, घशात हाड अडकल्यासारखा खोकला असेल आणि अलीकडे इतर कुत्र्यांत मिसळलं असेल तर केनेल कफ आठवा. तो पसरतो, म्हणून दवाखान्यात जाण्याआधी फोन करून सांगा. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियरसारख्या छोट्या जातींत बदकासारखा आवाज येत असेल तर श्वासनलिका चपटी होण्याचा आजार असू शकतो. पिल्लू असेल तर जंताचं औषध दिलंय का बघा, गोलकृमीच्या अळ्या फुफ्फुसांतून प्रवास करतात तेव्हा पिल्लं खोकतात, आणि त्यांची अंडी मातीतच असतात.

उंबरठा
एवढं सगळं वाचून उद्यापासून कुत्र्याला मोजे घालून सोफ्यावर बसवावं लागेल. आमचा गावठी जन्मभर उकरतोय, शिंकतो, झटकतो, पुन्हा उकरतो. काही झालं नाही त्याला.

शिळोप्याचा_वाघ
उंबरठा, तुमच्या गावठ्याला कोणी नाकात तेल घातलं नाही, म्हणून काही झालं नाही. धागा वाचा नीट, डॉक्टरही जवळपास तेच सांगताहेत : पुसा, पाणी द्या, सोडून द्या, लक्ष ठेवा.

काळवीट
मातीत काय आहे ते मात्र बघायलाच हवं. बांधकामाजवळ सिमेंट किंवा चुन्यात उकरलं असेल तर ते दाहक आहे, ओलं झालं की जास्तच. आधी कोरडी पूड झटकून काढायची, मग भरपूर पाण्याने धुवायचं, आणि लगेच डॉक्टरांना फोन. बागेत गोगलगायी मारायच्या गोळ्या टाकलेल्या असतील तर त्यात मेटाल्डिहाइड असू शकतं, ते खाल्लं की अंग थरथरतं, आकडी येते. हाडांचा चुरा घातलेलं खत तर कुत्र्यांना खाऊच वाटतो.

चौपाय
अगदी बरोबर. त्यात एक जोड : खड्ड्यातून बाहेर येताच मिनिटांत तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली तर गांधीलमाशी किंवा मधमाशी चावली असू शकते. तोंडातून एकदम फेस आला तर बेडूक चाटला असेल. तोंड ओल्या फडक्याने पुसा, डोकं खाली ठेवून. दोन्हींत घरी वेळ काढू नका.

आणि हे कुठल्याही कारणाने दिसलं तरी तसंच निघायचं : कोपरं बाहेर काढून, मान लांब करून उभं राहणं, आडवं व्हायला तयार नसणं, श्वासाबरोबर पोट आत-बाहेर जोरात हलणं, हिरड्या निळ्या, पांढऱ्या किंवा राखाडी, भोवळ. अशा वेळी तोंड उघडून बघत बसू नका, उचलून नेतानाही छाती दाबू नका. गाडीत हवा खेळती ठेवा.

वाकडी_शेपूट
आज पूर्ण बरी आहे आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात घुटमळतेय. उकरणं थांबवायचं कसं? कोणीतरी मातीवर तिखट किंवा मिरपूड टाकायला सांगितलं.

नाकपुडी
तिखट?! अहो, धुळीने शिंकणाऱ्या कुत्र्याला तिखट हुंगवायचं? डोळ्यात, नाकात, पंजांना, सगळीकडे आग. नको नको.

दुपारची_झोप
डॅशहाउंड आहे ताई. बिज्जूच्या बिळात शिरण्यासाठी माणसांनीच ही जात घडवली. आता अंगणात खड्डा केला म्हणून रागवायचं कोणावर? टेरियरचंही तेच. थांबवण्यापेक्षा जागा ठरवून द्या. आम्ही एक कोपरा दिलाय, सावलीतला, वाळू जास्त आणि माती कमी. सोडण्याआधी झारीने पाणी शिंपडतो. चिखल नाही, नुसती ओल. धूळ उडतच नाही, अर्धं काम तिथेच होतं. पहिले काही दिवस खेळणी पुरून ठेवायची, ती सापडली की शाबासकी. दुसरीकडे उकरायला लागला की ओरडायचं नाही, उचलून या कोपऱ्यात आणायचं.

उंबरठा
कारणही बघा. आमचा उन्हाळ्यातच उकरतो, थंड मातीत पोट टेकून पडायला. सावलीत पाण्याची परात ठेवली की खड्डे कमी होतात. कंटाळ्याने उकरणाऱ्याला फिरवा. एकाच जागी कान टवकारून खोदत असेल तर खाली उंदीर आहे असं समजा, आणि उंदीर असेल तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस राहिली नाही ना ते बघा.

वाकडी_शेपूट
कोपरा करायचं ठरलं. वाळू बारीक घ्यावी की जाड? आणि किती खोल?

दुपारची_झोप
पिठासारखी बारीक नको, तीच पुन्हा उडणार. धुतलेली जाडसर घ्या. चिंगीच्या उंचीला फूट-दीड फूट खोल पुरे, लांबी-रुंदी तिला गोल फिरता येईल एवढी. आणि वर झाकण हवंच, नाहीतर आजूबाजूच्या मांजरी रात्रीत त्याचा संडास करतील.

काळवीट
झाकणाला जाळी लावा, प्लास्टिक नको. प्लास्टिकखाली ओली वाळू कुबट होते, बुरशी धरते. आठवड्यातून एकदा उलटीपालटी करून ऊन दाखवायचं.